वीतभर नळीत मावणारा प्रश्न

सिलिकॉनची एक नळी. वीतभर लांब, बोटाएवढी जाड. तिला दोन चिमटे लावले की आत तीन कप्पे तयार होतात. तिन्ही कप्प्यांत मिळून चहाच्या दोन चमच्यांएवढंच काय ते मावतं. एका कप्प्यात बिया, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात वाढ थांबवणारं रसायन, अशी काहीतरी मांडणी. अमेरिकेत 2010 मध्ये ‘स्टुडंट स्पेसफ्लाइट एक्सपेरिमेंट्स प्रोग्रॅम’ सुरू झाला. त्यातून शाळकरी मुलांचे प्रयोग आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जातात ते अशा नळ्यांमधून. वरचा अंतराळवीर ठरलेल्या दिवशी पहिला चिमटा काढतो. मुलांनी सांगितलं असेल तर नळी हलवतो, हळू किंवा जोरात, सांगितलं असेल तितकी सेकंद. पुढच्या ठरलेल्या दिवशी दुसरा चिमटा काढतो. त्याचं काम एवढंच. बाकी सगळा विचार मुलांनी जमिनीवर, कित्येक महिने आधी करून ठेवलेला असायला हवा.

मी शाळेत विज्ञान शिकवते. या नळीबद्दल वाचलं तेव्हापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही. त्याचं कारण रॉकेट नाही, स्थानक नाही. वर्गात आम्ही प्रयोग करतो तेव्हा उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे मथळे घालून जर्नलचं पान तयार असतं, आणि पुष्कळदा अनुमान कृतीच्या आधीच लिहून झालेलं असतं. मुलांचा त्यात दोष नाही. आम्लात निळा लिटमस लाल होतो हे पुस्तकात छापलेलं आहे. तो वर्गात लाल झाला नाही तर मूल कागद बदलून पुन्हा बुडवतं. असं करून हात तयार होतो, तेही हवंच. पण ज्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकांनाही माहीत नाही असा एकही प्रश्न न हाताळता मूल दहावी पार करू शकतं, आणि या गोष्टीचा मला मनापासून त्रास होतो.

नळी ती सोय काढून घेते. बी घ्यायचं ठरलं, समजा. नळी भरून द्यायची ती उड्डाणाच्या बरीच आधी. उड्डाण लांबणीवर पडू शकतं, आणि पडतंच. तोवर बी झोपलेलं राहायला हवं, म्हणजे पाणी वेगळ्या कप्प्यात. वर पोचल्यावर कोणत्या दिवशी चिमटा काढायचा? लवकर काढला तर कोंब नळीत कोंडून सडेल. उशिरा काढला तर वाढायला वेळच मिळणार नाही. आणि समजा छान मूळ फुटलं. ते तसंच वाढत वाढत पृथ्वीवर परत आलं तर हातात येईल त्या मुळाचा कुठला भाग वर वाढला आणि कुठला खाली परतल्यावर, हे कसं सांगायचं? म्हणून तिसऱ्या कप्प्यात फिक्सेटिव्ह, म्हणजे पेशींना आहे त्या क्षणी थांबवणारं रसायन, आणि परतीच्या प्रवासाआधी दुसरा चिमटा काढायची सूचना. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हे स्वतःहून सुचेपर्यंत किती वाद झाले असतील, किती कागद फाडले गेले असतील याची मी कल्पना करत बसते. मला हेवा वाटतो तो या वादांचा.

सगळ्यात अवघड पायरी मात्र त्याही आधी येते: अंतराळात विचारण्यासारखा प्रश्न शोधणं. इथे बहुतेक मुलं (आणि मोठी माणसंही) एका गैरसमजावर अडखळतात. वर गुरुत्वाकर्षण नसतं, असं आपण सहज म्हणून जातो. स्थानक जमिनीपासून साधारण 400 किलोमीटरवर फिरतं, आणि तिथे पृथ्वीची ओढ इथल्या ओढीच्या जवळजवळ 90 टक्के शिल्लक असते. ती नसती तर स्थानक केव्हाच सरळ रेषेत निघून गेलं असतं. ते ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेगाने पुढे जातं आणि त्याच वेळी सतत पृथ्वीकडे पडत राहतं, पण पृथ्वीचा पृष्ठभागही त्याच्याखाली वळत जात असल्यामुळे टेकत कधीच नाही. आतली माणसं, नळ्या, बिया, पाण्याचे थेंब सगळे एकत्र पडत असल्यामुळे कुणालाच वजन जाणवत नाही. मग काही अगदी ओळखीच्या गोष्टी बंद पडतात. गरम हवा वर जात नाही, त्यामुळे ज्योत लांबट न राहता गोल होते. गाळ तळाशी बसत नाही. बुडबुडे वर येत नाहीत. तेल आणि पाणी वरखाली होऊन वेगळी होत नाहीत.

मुलं कल्पना घेऊन येतात तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट करायला सांगते. तुझ्या प्रश्नात ‘वर’ आणि ‘खाली’ कुठे कुठे लपले आहेत ते शोध. गढूळ पाणी निवळण्यात ‘खाली’ आहे. मूळ कुठल्या दिशेला जातं यात आहे. स्फटिक वाढताना त्याच्याभोवतीचं द्रावण हळूच वर सरकतं, तिथेही आहे. पण चुंबक खिळ्याला ओढेल का, यात ‘खाली’ जवळपास नाही, त्यामुळे हा प्रश्न वर पाठवून हाती फारसं लागणार नाही. हे शोधायला लागलं की मुलांना घरातली, बागेतली प्रत्येक गोष्ट वेगळी दिसू लागते. जन्मापासून सोबत असल्यामुळे जी कधी दिसलीच नव्हती, ती ओढ त्यांना जागोजागी सापडते. त्यांचा प्रयोग कधीच उडणार नसला तरीही.

अशी नजर असलेल्या एका मुलीची गोष्ट मला फार प्रिय आहे. 1972 मध्ये नासाने अमेरिकेतल्या विज्ञान शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेबरोबर शाळकरी मुलांकडून ‘स्कायलॅब’ या अंतराळ स्थानकासाठी प्रयोग मागवले. 3,400 हून अधिक प्रस्ताव आले, त्यातले 25 निवडले गेले. एक प्रस्ताव मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टन गावच्या ज्युडिथ माइल्स या 17 वर्षांच्या मुलीचा होता. कोळी जाळं विणताना स्वतःच्या वजनाचा उपयोग करून घेतो. वजनच नसेल तर त्याला विणता येईल का? मला या प्रश्नाचा नेटकेपणा थक्क करतो. उपकरण जवळजवळ काहीच नाही: एक पेटी, एक कॅमेरा आणि कोळी. मोजायचं काय तेही ठरलेलं, कारण जाळं म्हणजे कोळ्याने स्वतःच काढून ठेवलेला आलेख. त्याचे कोन मोजा, अंतरं मोजा, धाग्याची जाडी मोजा. पीटर विट नावाचे शास्त्रज्ञ वेगवेगळ्या औषधांचा कोळ्याच्या जाळ्यावर होणारा परिणाम कित्येक वर्षं अभ्यासत होते. त्यांची मदत या मुलीच्या प्रयोगाला मिळाली.

1973 च्या जुलैअखेरीस स्कायलॅबच्या दुसऱ्या तुकडीबरोबर ॲराबेला आणि अनिटा या दोन कोळिणी वर गेल्या. ॲराबेला आपल्या कुपीतून बाहेर यायलाच तयार नव्हती. अंतराळवीर ओवेन गॅरियट यांनी कुपी हलवून तिला पेटीत सोडलं, तेव्हा ती पोहल्यासारखे हातपाय मारत राहिली. पहिलं जाळं कोपऱ्यात, विस्कटलेलं. पण काही दिवसांतच तिने बऱ्यापैकी नीट जाळं विणलं. पुढे अनिटानेही विणलं. धागे परत आणून मोजले तर ते पृथ्वीवरच्या धाग्यांपेक्षा बारीक निघाले आणि जाडीही ठिकठिकाणी वेगळी. दोघीही त्या मोहिमेत मेल्या, बहुधा पाणी कमी पडून. इतक्या लांब नेलेल्या त्या दोन जिवांबद्दल वाचताना मला आजही वाईट वाटतं. जिवंत प्राणी पाठवायचा तर त्याला पाणी कोण देणार हा प्रश्न मुलांच्या प्रस्तावात पहिल्या पानावर असावा, असं माझं मत त्यावरूनच पक्कं झालं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. 2008 मध्ये शाळांसाठीच म्हणून पुन्हा दोन कोळी आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेले. त्यातला राखीव ठेवलेला कोळी मुख्य पेटीत शिरला आणि दोघांची जाळी एकमेकांत गुंतली. खाद्य म्हणून नेलेल्या फळमाश्या इतक्या वाढल्या की पेटीची काच त्यांनी झाकून गेली. 2011 मध्ये मांडणी सुधारून पुन्हा प्रयत्न झाला. या वेळी प्रत्येक कोळ्याला स्वतंत्र पेटी होती, कॅमेरा दर पाच मिनिटांनी फोटो घेत होता, आणि जमिनीवर तशाच पेट्यांत तशाच जातीचे कोळी होते. सुमारे 14,500 फोटोंतून 100 च्या आसपास जाळी तपासली गेली. बाझेल विद्यापीठाचे सॅम्युएल चोक्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये निष्कर्ष छापले. पृथ्वीवर या कोळ्यांच्या जाळ्याचा मध्य वरच्या बाजूला सरकलेला असतो आणि कोळी डोकं खाली करून बसतो. वर, अंधारात विणलेली जाळी जास्त समतोल होती, मध्य मध्याजवळ. पण विणायला सुरुवात करताना पेटीतला दिवा चालू असेल, तर जाळं पृथ्वीवरच्यासारखंच निघत होतं! वजन नाहीसं झाल्यावर कोळ्याने दिव्याची बाजू ‘वर’ मानली होती. दिवा तिथे होता तो फोटो काढण्यासाठी. दिशा दाखवणं हे त्याचं काम कुणीच ठरवलेलं नव्हतं.

ज्युडिथच्या प्रश्नाला इतकं पूर्ण उत्तर मिळायला 47 वर्षं लागली. मध्ये पेट्या बदलल्या, कॅमेरे बदलले, कोळ्याची जात बदलली, प्रश्न तोच राहिला. मुलांना मी ही गोष्ट सांगते ती दिव्यासाठी. आपल्याला काय महत्त्वाचं वाटतं याच्यापलीकडेही नोंदी ठेवाव्या लागतात. दिवा केव्हा लागला, केव्हा विझला हे फोटोंवरून कळत होतं म्हणून हे सापडलं.

दुसरी गोष्ट अंड्यांची. इंडियानातल्या जॉन व्हेलिंजर या आठवीतल्या मुलाने कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाची वाढ वजनरहित अवस्थेत कशी होईल असा प्रश्न घेतला. यातली अडचण लगेच लक्षात येते. उड्डाणाच्या वेळी रॉकेट भयंकर थरथरतं, आणि अंडी त्यातून टिकायला हवीत. उबही हवी. मुलगा मोठा होत गेला तसा प्रयोगही मोठा होत गेला. तो कॉलेजात अभियांत्रिकी शिकू लागला, मार्क ड्यूसर हे अभियंते त्याच्या जोडीला आले आणि दोघांनी उड्डाण सोसणारं उबवणी यंत्र बांधलं. ते यंत्र ‘चॅलेंजर’ या अंतराळयानावर चढवलं गेलं. 28 जानेवारी 1986 ला उड्डाणानंतर 73 सेकंदांनी चॅलेंजर कोसळलं. सात माणसं गेली. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ या शाळाशिक्षिका होत्या, ज्या अंतराळातून मुलांना धडा देणार होत्या. त्या सात जणांपुढे एका प्रयोगाचं नुकसान बोलायचंही नसतं. तरी त्या दोघांनी यंत्र पुन्हा बांधलं, आणि मार्च 1989 मध्ये ‘डिस्कव्हरी’तून 32 अंडी वर गेली.

त्या 32 अंड्यांची विभागणी मला या प्रयोगातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. 16 अंड्यांतले गर्भ उड्डाणाच्या वेळी दोन दिवसांचे होते, 16 मधले नऊ दिवसांचे. परत आल्यावर नऊ दिवसांचे सगळे जिवंत होते आणि दोन दिवसांचे सगळे मेलेले. सगळी अंडी एकाच वयाची असती तर एकच उत्तर मिळालं असतं, आणि तेही अर्धवट. दोन वयं घेतल्यामुळे कळलं की वाढीच्या सुरुवातीला असं काहीतरी घडतं ज्याला वजन लागतं. एक तर्क असा आहे, की पृथ्वीवर बलक वर तरंगून गर्भ कवचाजवळ येतो आणि तिथून त्याला हवा मिळते. वजनरहित अवस्थेत तो मधेच अडकून राहतो. व्हेलिंजर आणि ड्यूसर यांनी पुढे ‘टेकशॉट’ म्हणून ओळखली गेलेली कंपनी काढली. तिने अंतराळ स्थानकासाठी पुष्कळ उपकरणं केली, 2019 मध्ये जैविक ऊती छापणारं यंत्रही वर पाठवलं. आठवीतल्या मुलाचा प्रश्न इतका लांब जाईल असं त्याच्या शिक्षकांना वाटलं असेल का, हे विचारायला मला फार आवडलं असतं.

आणखी एका गोष्टीबद्दल बोलायला हवं, कारण मुलं ती सहसा विसरतात. जमिनीवरची नळी. वर जाणाऱ्या प्रत्येक नळीचं एक जुळं भावंड खाली ठेवायचं असतं: त्याच पाकिटातलं बी, तेवढंच पाणी, आणि वर चिमटा निघेल त्याच वेळी खाली मुलांनी स्वतःच्या हाताने काढायचा. वरची नळी परत आली की दोन्ही शेजारी ठेवून बघायच्या. वर्तमानपत्रात फोटो येतो वरच्या नळीचा, पण खालची नसेल तर वरचीला काही अर्थच उरत नाही. ब्रिटनमध्ये तर यापुढचं पाऊल टाकलं गेलं. रॉकेट नावाच्या सॅलडच्या पाल्याचं दोन किलो बी स्थानकावर सहा महिने ठेवून 2016 मध्ये शाळांना वाटलं गेलं, निळ्या आणि लाल पाकिटांत. कोणत्या रंगात अंतराळातून आलेलं बी आहे हे मुलांना सांगितलंच नाही. माहीत असतं तर त्यांनी नकळत त्या रोपांचे जास्त लाड केले असते. मोजमापं झाली, आकडे गोळा झाले आणि मगच रंगांचं गुपित फोडलं गेलं. अंतराळातून आलेलं बी थोडं सावकाश वाढलं. उत्तर साधंच आहे. ते मिळवताना लाखो मुलांनी आपलं कुतूहल काही आठवडे आवरून धरलं, हे मात्र साधं नाही.

प्रयोग हरवतातही. 28 ऑक्टोबर 2014 ला व्हर्जिनियातल्या वॉलोप्सहून निघालेलं अँटारीस रॉकेट उड्डाणानंतर काही सेकंदांतच फुटलं. माणसं नव्हती, पण त्यात सुरुवातीला सांगितलेल्या नळ्यांमधले मुलांचे 18 प्रयोग होते. बहुतेक मुलांनी ते पुन्हा उभे केले आणि जानेवारी 2015 मध्ये दुसऱ्या रॉकेटने पाठवले. इतक्या लवकर ते जमलं याचं कारण मला उघड दिसतं. कुणीही वाचून तसंच करावं इतकी नेमकी कृती त्यांच्या कागदावर होती.

आणि 2003 ची कोलंबिया. त्या यानात ऑस्ट्रेलिया, चीन, इस्रायल, जपान, लिश्टेनस्टाइन आणि अमेरिका या सहा देशांतल्या शाळकरी मुलांचे प्रयोग होते: कोळी, रेशमाचे किडे, स्फटिक, मासे, लाकूड पोखरणाऱ्या मधमाश्या, मुंग्या. मोहीम चालू असताना त्यांची चित्रं पृथ्वीवर येत होती आणि मुलं ती बघत होती. 1 फेब्रुवारीला परतताना यान विस्कटलं, आणि कल्पना चावला व त्यांचे सहा सहकारी गेले. कर्नालच्या आपल्या शाळेतल्या मुलींना नासा बघता यावं म्हणून कल्पना चावला यांनी वाट काढून दिली होती. 1998 पासून दरवर्षी दोन मुली तिथे जात होत्या. त्या सहा देशांतल्या मुलांकडे उरलेल्या चित्रांचं त्यांनी पुढे काय केलं असेल, हे मला कल्पनेनेही नीट उभं करता येत नाही.

आपल्याकडेही शाळकरी मुलांची कामं अवकाशात जाऊ लागली आहेत. ‘आझादीसॅट’ या उपग्रहात 75 शाळांतल्या 750 मुलींनी प्रोग्रॅम केलेली, प्रत्येकी साधारण 50 ग्रॅमची 75 उपकरणं होती. 7 ऑगस्ट 2022 चं उड्डाण अपयशी ठरलं, तेव्हा नवा उपग्रह तयार झाला आणि 10 फेब्रुवारी 2023 ला तो कक्षेत गेला. मुलींच्या हातात सोल्डरिंग गन आली, सर्किट आलं, ते मोलाचं आहे. माझी अपेक्षा पुढची आहे. उपकरण बसवायला शिकल्यावर त्याने काय विचारायचं, हेही त्यांच्याकडूनच यावं. तापमान मोजणारा सेन्सर वर गेला, आकडे आले. पण ते आकडे पाहण्यासाठी कुणी रात्रभर तळमळत होतं का? ‘जीन्स इन स्पेस’ या स्पर्धेत मला ती तळमळ दिसते. 2015 मध्ये ती जिंकणाऱ्या 17 वर्षांच्या मुलीच्या प्रयोगामुळे एप्रिल 2016 मध्ये अंतराळवीर टिम पीक यांनी अंतराळात पहिल्यांदा पीसीआर केलं, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढल्या. 2019 मध्ये मिनेसोटातल्या चार विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून यीस्टचा डीएनए तोडून तो अंतराळात कसा दुरुस्त होतो ते पाहिलं गेलं. तज्ज्ञांची मदत दोन्हीकडे भरपूर होती. प्रश्न मुलांचा होता.

यावर लोक मला विचारतात, की एवढ्या मुलांतून एखादाच प्रयोग वर जाणार, मग बाकीच्यांचं काय? स्कायलॅबच्या वेळी निवडलेल्या 25 पैकीही काही वर जाऊ शकले नाहीत. त्या मुलांना तशाच विषयावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांशी जोडून दिलं गेलं होतं, आणि ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. नाकारलेल्या प्रस्तावावर कुणा जाणत्याने ‘इथे तुझं मोजमाप निसटतंय’ एवढं लिहून पाठवलं तरी मूल महिनाभर त्यावर विचार करतं. परीक्षकांनी नाकारताना कारण लिहावंच, असा नियम मी प्रत्येक विज्ञान प्रदर्शनाला लावीन.

ओटावातल्या एका प्राथमिक शाळेच्या मुलांची बातमी 2023 मध्ये आली, ती मी अजून वर्गात वाचून दाखवते. 9 ते 12 वर्षांची ही मुलं. तीव्र ॲलर्जीचा झटका आला की एपिपेन नावाचं इंजेक्शन मांडीत टोचतात. त्यातलं औषध म्हणजे एपिनेफ्रिन. अंतराळात एखाद्याला झटका आला तर ते काम करेल का, असं त्यांनी विचारलं. नासाच्या ‘क्यूब्स इन स्पेस’ कार्यक्रमातून औषधाचे नमुने चिमुकल्या घनात भरून वर गेले आणि परत आले. ओटावा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासणी झाली. शुद्ध एपिनेफ्रिनच्या नमुन्यात 87 टक्केच एपिनेफ्रिन उरलं होतं. बाकीचं बेंझोइक आम्लाच्या विषारी संयुगांत बदललं होतं. वैश्विक किरणांनी हे घडवलं असावं, असा त्यांचा संशय होता. औषध वाचवणारी डबी कशी असावी यावर मुलं लगेच कामाला लागली. माझ्या वर्गातल्या एका मुलीने ही बातमी ऐकून हात वर केला आणि विचारलं, की जमिनीवर ठेवलेल्या नमुन्यात किती टक्के उरलं होतं?